धावण्याआधीचा न धावण्याचा आठवडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जानेवारीचा तिसरा रविवार जवळ आला की मुंबईत काही माणसं विचित्र वागू लागतात. लिफ्ट असली तरी एरवी जिने चढणारी ही माणसं एकदम लिफ्टच्या रांगेत उभी राहतात. कुणी शिंकलं की दोन पावलं मागे सरतात. हळदीकुंकवाच्या घरी पाणीपुरी नको म्हणतात आणि वाडगाभर भात मागून घेतात. रस्त्यातला प्रत्येक खड्डा यांना पाय मुरगळायला टपल्यासारखा वाटतो. ही माणसं आजारी नाहीत. त्यांना रविवारी पहाटे बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर धावायचं आहे, म्हणून ती अशी झाली आहेत.

मुंबईची ही मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. पहिली शर्यत फेब्रुवारीत झाली, पुढच्या वर्षापासून ती जानेवारीत आली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात फोटो येतात ते पुढे पळणाऱ्या परदेशी आणि देशी नामवंतांचे. त्यांना प्रशिक्षक असतात, मालीश करणारे असतात, आहार ठरवून देणारे असतात. मला आज बोलायचं आहे ते त्यांच्या मागून येणाऱ्या हजारो हौशी माणसांबद्दल. बँकेत पैसे मोजणारी, शाळेत शिकवणारी, इस्पितळात रात्रपाळी करणारी ही माणसं पहाटे साडेचारला उठून, घरातल्यांची झोप न मोडता, हातात बूट घेऊन बाहेर पडतात आणि नऊ वाजता कामावर हजर असतात. त्यातही मला बोलायचं आहे ते त्यांच्या शेवटच्या आठवड्याबद्दल.

मी स्वतः धावत नाही. कवी माणूस, माझी धाव कागदाच्या समासापर्यंत. पण सकाळी फिरून झालं की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टेकायची माझी जुनी सवय आहे. तिथे एका धावणाऱ्या टोळीशी ओळख झाली आणि हळूहळू त्यांच्या किल्ल्या, मोबाइल आणि चष्मे सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. टोळी चौघांची. बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका, बँकेतल्या ताई, एका इस्पितळातल्या सिस्टर आणि शिवणकाम करणारे मास्टर. नावं मुद्दाम सांगत नाही. कट्ट्यावरही कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. मला ते ‘कवीसाहेब’ म्हणतात, यात आदर किती आणि चेष्टा किती हे मी विचारलेलं नाही.

आता हे बेचाळीस किलोमीटरचं प्रकरण आलं कुठून? ग्रीसमधल्या मॅरेथॉनच्या लढाईनंतर विजयाची बातमी घेऊन अथेन्सला धावत गेलेल्या आणि ती सांगून कोसळलेल्या दूताची कथा सर्वांना ठाऊक आहे. ती इतिहासापेक्षा दंतकथाच अधिक. हिरोडोटसनं त्या दूताबद्दल लिहिलं आहे, पण ते तो मदत मागायला स्पार्टाला गेला त्याबद्दल. १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरलं, त्यात या कथेवरून शर्यत ठेवली गेली. अंतर साधारण चाळीस किलोमीटर. ती जिंकली स्पिरिडॉन लुईस नावाच्या पाणी वाहून नेणाऱ्या माणसानं. म्हणजे या शर्यतीचा पहिला ऑलिंपिक विजेता आपल्यासारखाच कामावर जाणारा माणूस होता. १९०८ साली लंडनला शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुरू होऊन स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जासमोर संपली, ते अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर. पुढे १९२१ मध्ये तेच अधिकृत झालं. राजवाडा आणि सज्जा यांच्यामधलं अंतर आज जगभरची माणसं पायांनी मोजत असतात.

आपल्या मराठी मुलखाचा या शर्यतीशी संबंध जुना आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत खेड्यापाड्यांतले धावपटू अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून खेळाडू पाठवण्याच्या हालचाली सुरू झाल्या. त्या ऑलिंपिकमध्ये बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होतं. चौगुल्यांनी ते दोन तास पन्नास मिनिटं आणि काही सेकंदांत पार केलं. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, पण आजही तीन तासांच्या आत येणारा हौशी धावपटू मित्रमंडळींत मान वर करून फिरतो.

तर शेवटचा आठवडा. माझी टोळी जूनपासून तयारी करत होती. भर पावसात, छत्रीवाले आडोसा शोधत असताना, ही मंडळी वरळीपर्यंत जाऊन येत. दर रविवारी अंतर थोडं थोडं वाढत गेलं. सोळा, वीस, चोवीस, अठ्ठावीस. डिसेंबरच्या शेवटी बत्तीस किलोमीटरची एक लांब धाव झाली आणि त्यानंतर अंतर कमी होऊ लागलं. मला हे उलटंच वाटलं. परीक्षा जवळ आली की मुलं रात्र रात्र जागतात, आणि यांनी पुस्तक मिटून ठेवलं! धावणारे याला ‘टेपर’ म्हणतात. मी मास्टरांना अर्थ विचारला. ते म्हणाले, “कवीसाहेब, हा तर आमच्या धंद्यातला शब्द आहे. पँट वर घेरदार असते, मोहरीकडे आणताना कमी कमी करत न्यायची. एकदम कापली तर पँट बिघडते.”

याहून चांगला खुलासा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नसता. धावण्यानं स्नायू बळकट होतात असं आपण म्हणतो, पण धावताना ते झिजतात, त्यांच्यात बारीक बारीक इजा होतात. बळ येतं ते नंतरच्या विश्रांतीत, ही झीज भरून निघताना. शेवटच्या आठवड्यात घेतलेल्या मेहनतीचं फळ रविवारपर्यंत हाती येत नाही. उरतो तो फक्त थकवा. म्हणून या आठवड्यात दोन-तीनदा हलकं, अर्धा-पाऊण तास धावायचं, पाय मोकळे ठेवायचे आणि बाकी काही करायचं नाही.

पण हे ‘काही न करणं’ किती अवघड असतं! सहा महिने ज्या शरीराला पहाटे पळायची सवय लावली, ते पहाटे जागं होतं आणि विचारतं, काय झालं? मग मनाचे खेळ सुरू होतात. सोमवारी कंडक्टरकाकांचा डावा गुडघा दुखू लागला, मंगळवारी तो थांबला आणि उजवी टाच दुखू लागली. बँकेतल्या ताईंना वाटू लागलं, आपण पळायचंच विसरलो. सिस्टर शांत होत्या, पण त्यांनी दिवसातून चार वेळा हवामानाचा अंदाज पाहिला. जुने धावपटू सांगतात की यातली बरीच दुखणी रविवारी पहाटे बंदुकीच्या आवाजाबरोबर नाहीशी होतात. हा वेडेपणा म्हणू नये. ज्यासाठी एवढं केलं ते हातातून निसटेल ही भीती शरीरात जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसते. लेकीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात घरोघरी काय होतं, आठवून पाहा.

मी सांगतो ही हकीकत २०२४ सालची. त्या वर्षी संक्रांत सोमवारी आली, १५ जानेवारीला, आणि शर्यत होती रविवारी, २१ तारखेला. कट्ट्यावर तीळगुळाची देवघेव झाली. ताईंनी डबाभर गुळपोळ्या आणल्या होत्या. एरवी वजनाच्या नावानं ओरडणाऱ्या सिस्टरनी त्या दिवशी कुणाला अडवलं नाही. उलट शरीरात साखर साठवण्याचा हिशेब मला समजावून सांगितला. तो तुम्हालाही सांगतो, कारण या शर्यतीचं सगळं मर्म त्या हिशेबात आहे.

आपण भात, पोळी, बटाटा खातो, त्यातली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवतं. ही साठवण फार मोठी नसते. भरपूर भरली तरी ढोबळमानानं दोन हजार कॅलरींची. आता साठ किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर धावला की साधारण साठ कॅलरी खर्च होतात. बेचाळीस किलोमीटरला झाल्या अडीच हजार. म्हणजे कोठीत धान्य दोन हजारांचं आणि पंगत अडीच हजारांची! शरीर चरबीही जाळतं, पण ती सावकाश जळते. म्हणून तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास पुष्कळांचे पाय एकदम शिशाचे होतात. धावणारे म्हणतात, ‘भिंत’ आली. ती भिंत पुढे ढकलायची तर शर्यतीआधीचे दोन-तीन दिवस ताटात भात, बटाटा, साबुदाणा, केळं यांचं प्रमाण वाढवायचं, तेलतूप आणि चोथ्याचे पदार्थ कमी करायचे. पोटाला तडस लागेल एवढं जेवायचं नाही. ताट तेवढंच, फक्त त्यातल्या वाटण्या बदलायच्या. या दिवसांत वजन किलो-दीड किलोनं वाढतं, कारण साठवलेली साखर आपल्याबरोबर पाणीही धरून ठेवते. त्या काट्याला घाबरून उपास करणारा पस्तावतो. मधुमेह असलेल्यांनी मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

बुधवारी मास्टर एक छोटी पिशवी घेऊन आले. त्यांनी चौघांच्या धावायच्या चड्ड्यांना आतून एकेक चोरखिसा शिवला होता. खजुराच्या चार बिया काढलेल्या फोडी आणि मिठाची पुडी मावेल एवढा. शिलाई बाहेरच्या बाजूला घेतली होती, म्हणजे मांडीला घासणार नाही. पण सिस्टरनी फर्मान काढलं, हा खिसा उद्याच घालून तीन किलोमीटर पळायचं. शर्यतीच्या दिवशी कुठलीही गोष्ट पहिल्यांदा वापरायची नाही. नवे बूट नाहीत, नवे मोजे नाहीत, कुणी फुकट वाटलेलं नवं पेयही नाही.

या नियमाची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकला इथिओपियाचा अबेबे बिकिला आला, तेव्हा त्याला मिळालेले नवे बूट पायांना नीट बसेनात. त्याचा सराव अनवाणीही झालेला होता. तो अनवाणी धावला आणि जिंकला. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून पुन्हा जिंकला, तेही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनीच. गोष्ट ऐकून काही उत्साही लोक बूट काढून टाकतात. पण बिकिलानं अनवाणी धावण्याचं धाडस त्या दिवशी पहिल्यांदा केलेलं नव्हतं, ही बाब ते विसरतात. त्याच्या पायांना अनवाणी धावणंच जुनं होतं, नवे होते ते बूट.

गुरुवारी चौघं वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन आपापले नंबर घेऊन आले. कापडासारखा कागद, त्यावर आकडा, मागे वेळ मोजणारी चीप. बारा-बारा तास मशीनवर वाकून बसणाऱ्या, लोकांच्या लग्नाचे कपडे शिवणाऱ्या मास्टरांनी तो नंबर मला दाखवला, तेव्हा तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. अठ्ठेचाळीस वर्षांच्या या माणसाची ही पहिली पूर्ण मॅरेथॉन. नंबराच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन लिहायचा असतो. तो लिहिताना मात्र ते थबकले. “हे कशाला लागतं, ते कळतं हो,” एवढंच म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांना ताप भरला. एकशे एक.

शनिवारी सकाळी कट्ट्यावर जी चर्चा झाली ती मी विसरणार नाही. ताईंचं म्हणणं, गोळी घ्या, घाम येऊ द्या, रात्रीपर्यंत उतरेल. कंडक्टरकाका म्हणाले, “अर्ध्यात सोडा वाटलं तर, पण सुरुवात तरी करा. सहा महिने घातलेत.” कुणी तरी सुचवलं की नंबर फुकट जाण्यापेक्षा पुतण्याला द्या, तो पळतो. सिस्टर सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. मग त्यांनी शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली : सर्दी, नाक वाहणं, घसा खवखवणं असं मानेच्या वर असेल तर एक वेळ विचार करता येतो. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, म्हणजे मानेच्या खाली काही असेल तर धावायचं नाही. अंगात संसर्ग असताना त्याची सूज हृदयाच्या स्नायूलाही येऊ शकते, आणि त्याच हृदयावर आपण पाच-सहा तास भार टाकणार. दुसरी : गोळी ताप झाकते, आजार झाकत नाही. शर्यतीच्या दिवशी दुखणं मारायच्या गोळ्या घेऊन पळणाऱ्यांच्या मूत्रपिंडांवर, घामानं शरीर सुकलेलं असताना, वेगळाच ताण येतो. आणि तिसरी : आपला नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. मागे लिहिलेला रक्तगट आणि फोन मास्टरांचा आणि रस्त्यात पडलेला पुतण्या, तर डॉक्टर कुणाच्या घरी कळवणार?

मास्टर गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग खिशातून खजुराची पुडी काढून त्यांनी काकांच्या हातात दिली आणि म्हणाले, “माप घेऊन ठेवलंय. कापड अजून कापलेलं नाही. पुढच्या वर्षी शिवू.” उठून घरी गेले. त्यांच्यामागून कुणी ‘वाईट झालं’ असंही म्हटलं नाही. चौघांच्या टोळीत तिघंच उरले आणि त्यांना एकमेकांकडे बघवेना.

मंडळी, या शर्यतीत शूर कोण, असं मला कुणी विचारलं तर मी पदक जिंकणाऱ्याचं नाव घेण्याआधी थोडा थांबेन. सुरू करायला हिंमत लागते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सगळी तयारी झालेली असताना, नंबर उशाशी असताना, सुरू न करायला काय लागतं ते मी त्या शनिवारी पाहिलं.

उरलेल्यांसाठी शनिवारची रात्र आली. या रात्री झोप लागत नाही. अनुभवी लोक म्हणतात, काळजी करू नका, शुक्रवारची झोप पुरेशी झाली असली म्हणजे झालं. आदल्या रात्रीच्या जागरणानं पाय अडत नाहीत. कपडे खुर्चीवर मांडून ठेवायचे, नंबराला चार पिना, मांड्यांना आणि काखेत लावायला व्हॅसलीन, पायाची नखं दोन दिवसांपूर्वी कापलेली. रात्री अडीच-तीनला उठून खायचं. आमच्या घरी रमजानमध्ये सेहरीला अशीच गंमत असते. अर्धवट झोपेत, घड्याळाकडे बघत, भूक नसताना, दिवसाचा विचार करून खायचं. सेहरी करून मोठं झालेल्या माणसाला एक कळतं, त्या वेळी खूप खाल्लं म्हणून दिवस सोपा जात नाही. आदल्या रात्रीचं साधं जेवण आणि पहाटेचा बेताचा घास, यावरच निभावतं. काकांनी दोन केळी, गुळाचा चहा आणि ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले आणि खास सोडलेल्या पहाटेच्या लोकलनं ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचले.

पाण्याबद्दलही एक सांगायला हवं. मुंबईची हवा जानेवारीतही दमट, आणि आठ-साडेआठनंतर ऊन चटके देऊ लागतं. म्हणून भीतीपोटी लोक प्रत्येक टेबलावर पोट फुगेपर्यंत पाणी पितात. त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि गरगरणं, उलट्या, प्रसंगी बेशुद्धी इथपर्यंत मजल जाते. तहान लागेल तसं घोट घोट प्यायचं, आणि अधूनमधून मीठसाखरेचं लिंबूपाणी.

वेगाचंही तसंच. पहाटेचा गारवा, हजारो पावलांचा आवाज, दोन्ही बाजूंना टाळ्या; पहिले दहा किलोमीटर पाय आपोआप पळतात आणि तिथंच उधळपट्टी होते. पुढे सी-लिंक येतो. एरवी पायी जाणाऱ्याला बंदी असलेल्या त्या पुलावर समुद्राचा वारा खात पळताना माणूस स्वतःला राजा समजतो. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ या शर्यतीत वर्षानुवर्षं येत राहिला आहे, नेमका पस्तीस किलोमीटर पाय घासून झाल्यावर. गाडीतून जाताना तो चढ आहे हेसुद्धा कळत नाही. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये जो स्वतःला आवरतो, त्याच्या पायांत त्या चढासाठी काही उरतं.

रविवारी आम्ही माहीमच्या रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या फोडी आणि मीठ घेऊन उभे होतो. थोड्या वेळानं पाहतो तो मास्टर! अंगात स्वेटर, कानटोपी. ताप रात्री उतरला होता, अंगात त्राण नव्हतं. ते धावणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत नव्हते. त्यांची नजर खाली, कपड्यांवर आणि बुटांवर. धंद्याची सवय. अर्ध्याहून जास्त अंतर कापून काका आले, तेव्हा मास्टर एकदम ओरडले, “काका, नाडी!” काकांच्या उजव्या बुटाची नाडी सुटून मागे फरफटत होती. काका थांबले, पण वाकता येईना. एवढं पळून झाल्यावर खाली वाकलं तर माणूस पुन्हा सरळ होत नाही. मास्टर त्यांच्या पायाशी बसले, नाडीला दुहेरी गाठ मारली, दुसऱ्या पायाची गाठही ओढून पाहिली आणि म्हणाले, “जा आता.” काका गेले. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा.

काका पावणेसहा तासांत पोचले. ताईंनी आणि सिस्टरनी आपापली अर्ध मॅरेथॉन पुरी केली. संध्याकाळी बातमी आली की त्या दिवशीच्या शर्यतीत दोन धावपटूंचा मृत्यू झाला. २०२० सालीही एकाचा झाला होता. त्या दुर्दैवी माणसांची कारणं त्यांची त्यांची. मास्टरांच्या तापाशी त्यांची सांगड घालणं बरोबर नाही, आणि हजारो लोक सुखरूप घरी जातात हेही खरं. पण सोमवारी कट्ट्यावर ताईंनी मास्टरांच्या समोर चहाचा पेला ठेवला आणि शनिवारच्या गोळीबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

पुढच्या वर्षी, १९ जानेवारी २०२५ ला, मास्टर पूर्ण मॅरेथॉन धावले. सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागला. पदक त्यांनी दुकानात टांगलेलं नाही. मापाच्या वहीच्या खणात ठेवलं आहे, असं त्यांचा कारागीर सांगतो.

जाता जाता तुमच्यासाठी एक विनंती. तुमच्या गावात, तुमच्या रस्त्यावरून अशी शर्यत जात असेल तर पुढचे निघून गेले की खिडकी लावून घेऊ नका. खरी गरज नंतरच्यांना असते. ऊन चढलेलं असतं, टेबलांवरचं पाणी संपत आलेलं असतं, रस्ता वाहनांसाठी खुला व्हायची वेळ झालेली असते आणि कुणी पन्नाशीची बाई, कुणी पोट सुटलेला गृहस्थ चालत-पळत येत असतो. संत्र्याची फोड द्या, चिमूटभर मीठ द्या. आणि एक करा. ‘आता थोडंच राहिलंय’ असं खोटं सांगू नका. आपल्या कोपऱ्यापासून शेवट किती लांब आहे ते आधी माहीत करून घ्या आणि तेवढंच सांगा. सात किलोमीटर असतील तर सात सांगा. शरीरात शिल्लक किती आणि वाट किती, हा हिशेब तो माणूस सहा महिने करत आला आहे. शेवटच्या सात किलोमीटरसाठी त्याला खरा आकडा हवा असतो.